किती जवळ जावे?

दुसऱ्याला जाणून घ्यायचे तर त्याच्या किती जवळ जावे, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत एका भाषेत विचारलेला असतो आणि माजघरात दुसऱ्या. अलीकडे तो माझ्यापुढे तिसऱ्याच भाषेत उभा राहिला आहे. ती भाषा आहे केसासारख्या बारीक, इनॅमल चढवलेल्या तांब्याच्या तारेची. भौतिकशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेले की निवृत्तीनंतरही काही विषय पाठ सोडत नाहीत. चुंबकीय अनुस्पंदनाच्या साहाय्याने होणारे सूक्ष्मदर्शन, आणि विशेषतः त्यासाठी लागणाऱ्या प्रोबची घडण, हा त्यांतलाच एक. विषय यंत्रशाळेतला आहे हे खरे. तरीही त्यात मला नीतीचा एक प्रश्न दडलेला दिसतो, आणि तो आपल्या निबंधपत्रिकेच्या वाचकांपुढे मांडावासा वाटतो.

एम.आर.आय. हा शब्द आता कोणाला अपरिचित राहिलेला नाही. घरातले कोणी ना कोणी त्या खडखडणाऱ्या बोगद्यात जाऊन आलेले असतेच. तिथे घडते ते असे. आपल्या शरीरातील पाण्यात हायड्रोजन असतो आणि त्याचा अणुगर्भ, म्हणजे प्रोटॉन, हा एक अतिसूक्ष्म चुंबकच होय. प्रबळ चुंबकक्षेत्रात ठेवल्यावर तो भोवऱ्यासारखी गिरकी घेऊ लागतो. क्षेत्र एक टेस्लाचे असेल तर ही गिरकी सेकंदाला सुमारे ४ कोटी २६ लाख वेळा होते. नेमक्या त्याच कंपनसंख्येची रेडिओलहर बाहेरून दिली की हे प्रोटॉन विचलित होतात, आणि लहर थांबल्यावर पूर्वस्थितीला येताना त्याच स्वरात काही क्षण क्षीणपणे बोलतात. ते बोलणे टिपण्यासाठी जवळ तारेचे एक वेटोळे ठेवलेले असते. वेटोळे, त्याला सुरात आणणारे कपॅसिटर आणि नमुना धरून ठेवणारी बैठक, या सर्वांना मिळून प्रोब म्हणतात.

अनुस्पंदन म्हणजे काय, हे मुरार-लष्करच्या वाचकांना सांगण्याची गरज नसावी. शंकर पंडित आणि कृष्णराव पंडित यांच्या या गावात, एका तंबोऱ्याची तार छेडताच शेजारच्या तंबोऱ्याची त्याच स्वरातली तार आपोआप थरथरताना पाहिलेली माणसे घरोघर आहेत. सूर किंचित उतरलेला असेल तर तीच तार मुकी राहते. १९७३ साली पॉल लॉटरबर यांनी या मुकेपणाचाच उपयोग करून घेतला. चुंबकक्षेत्र मुद्दाम जागोजागी थोडे कमीजास्त ठेवले की नमुन्यातील प्रत्येक जागा निराळ्या स्वरात बोलू लागते, आणि स्वरावरून जागा ओळखता येते. पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचे चित्र त्यांनी अशा रीतीने काढले. दोन वर्षांनी, १९७५ मध्ये, त्या चित्रणाला आजची गणिती बैठक देणारा जो निबंध झुरिकहून प्रसिद्ध झाला, त्यावर वेल्टी आणि अर्न्स्ट यांच्याबरोबर नाव होते अनिल कुमार यांचे. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत दीर्घकाळ अध्यापन-संशोधन केलेले ते हेच. त्याही आधी, १९५१ मध्ये, स्टॅनफर्ड येथे साध्या अल्कोहोलच्या संकेतात एकाऐवजी तीन वेगळ्या रेषा दिसल्या, आणि रेणूतील प्रत्येक हायड्रोजन आपल्या शेजाऱ्यांप्रमाणे निराळा सूर लावतो हे उघड झाले. त्या प्रयोगाच्या तीन कर्त्यांपैकी एक एस. एस. धर्मट्टी. मायदेशी परतल्यावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विद्येचा पाया त्यांनीच घातला. ही नावे आपल्याकडे फारशी घेतली जात नाहीत, म्हणून इथे थोडा रेंगाळलो.

आता सूक्ष्मदर्शनाकडे वळू. ज्या लहरीने पाहायचे तिच्या लांबीपेक्षा फार बारीक तपशील दिसू शकत नाही, हा नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाचा नियम. ४०० मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरीची लांबी पाऊण मीटर भरते. तिने मुंगीसुद्धा दिसू नये. पण इथे जागा ओळखायची ती स्वरावरून, लहरीच्या लांबीवरून नव्हे. त्यामुळे तो नियम लागूच होत नाही. १९८६ साली बेडकाच्या जातीच्या झेनोपसच्या एकट्या अंडपेशीचे चित्र घेण्यात आले. पेशी जेमतेम एक मिलिमीटरची, पण तिच्या आतले केंद्रक भोवतालच्या द्रव्यापासून वेगळे दिसले. ते चित्र घेताना पेशीला सुरी लागली नाही, रंग चढवावा लागला नाही, काचपट्टीवर चिरडावे लागले नाही. सूक्ष्मदर्शनाच्या तीनशे-साडेतीनशे वर्षांच्या इतिहासात आतले पाहण्यासाठी जिवंत वस्तू बहुधा आधी मारावी, कापावी आणि रंगवावी लागत असे. न कापता आत पाहणे, ही या नव्या विद्येची खरी प्रतिष्ठा.

मात्र तिचे गणित निष्ठुर आहे. ४०० मेगाहर्ट्झच्या चुंबकातसुद्धा दहा लाख प्रोटॉनांपैकी जेमतेम बत्तिसांचे आधिक्य एका दिशेने उरते. बाकीचे एकमेकांना खोडून टाकतात. जो काही आवाज येतो तो या बत्तिसांचा. रुग्णालयातल्या चित्रात ज्या ठिपक्याची बाजू एक मिलिमीटर असते, ती सूक्ष्मदर्शनात दहा मायक्रोमीटरवर आणली तर ठिपक्याचे घनफळ दहा लाखपट कमी होते आणि आवाजही त्याच प्रमाणात. एकच माप पुन्हा पुन्हा घेऊन त्यांची सरासरी काढली तर खरखर दबते, पण ती पुनरावृत्तीच्या वर्गमुळानेच दबते. ठिपक्याची बाजू निम्मी केली की आवाज एक अष्टमांश होतो, आणि तो पहिल्याइतका स्पष्ट ऐकू यायचा तर चौसष्टपट वेळ द्यावा लागतो. एका मिनिटाच्या कामाला एक तास चार मिनिटे लागतात. पुन्हा निम्मी केली की पावणेतीन दिवसांहून अधिक. इतका वेळ जिवंत प्राणी यंत्रात निश्चल राहू शकत नाही, आणि कितीही भूल दिली तरी त्याचे श्वास आणि हृदय चालूच असतात.

म्हणून जवळ जावे लागते. वेटोळ्याचा व्यास जितका लहान तितकी त्याची ग्रहणशक्ती अधिक. व्यास निम्मा केला की नमुन्याच्या तेवढ्याच कणाचा आवाज सुमारे दुप्पट स्पष्ट येतो. वेटोळे नमुन्याला जवळजवळ लपेटून असावे, मध्ये मोकळी जागा राहू नये, अशी प्रोब घडवणाऱ्याची धडपड असते. मळसूत्रासारखे गुंडाळलेले वेटोळे खोगिराच्या आकाराच्या वेटोळ्यापेक्षा दोन-तीन पट चांगले ऐकते. पण ते चुंबकक्षेत्राला आडवे बसवावे लागते, आणि उभ्या चुंबकात नमुना आत सरकवणे मग अवघड होते. तारेचे वेढे एकमेकांना चिकटवले तर एकाचा प्रवाह दुसऱ्याच्या प्रवाहाला कडेला ढकलतो आणि रोध वाढतो, म्हणून एका वेढ्यापासून दुसरा सुमारे तारेच्या दीड व्यासावर ठेवावा लागतो. विद्यार्थिदशेत काचेच्या बारीक नळीवर अशी तार गुंडाळताना माझ्या हातून ती किती वेळा तुटली, त्याचा हिशेब नाही. पंख्याच्या मोटारीचे वाइंडिंग करणारा कारागीर ते माझ्यापेक्षा निश्चित चांगले करू शकला असता.

या विद्येत परस्परतेचा म्हणून एक सिद्धांत आहे. १९७६ मध्ये हॉल्ट आणि रिचर्ड्स यांनी प्रोबच्या गणितात तो बसवून दाखवला. वेटोळ्यातून प्रवाह सोडला असता ज्या जागी ते प्रबळ क्षेत्र निर्माण करू शकते, त्या जागचाच आवाज ते प्रबळपणे ऐकते. जिथवर त्याचे बोलणे पोहोचत नाही, तिथले त्याला ऐकूही येत नाही. रूपक ताणण्याचा मोह इथे आवरला पाहिजे. तरीही तटस्थ, निव्वळ श्रोता असा कोणी नसतो, एवढे तरी हे समीकरण सांगतेच.

आणि खरी अडचण इथूनच सुरू होते. प्रत्येक द्रव्याची चुंबकक्षेत्राला प्रतिसाद देण्याची आपापली रीत असते. तांबे क्षेत्राला किंचित दूर लोटते, हवा त्याला अत्यल्प जवळ ओढते. तार नमुन्याच्या अगदी जवळ आली की तारेचे असणेच क्षेत्र वाकडे करते, आणि ज्या स्वरांवरून जागा ओळखायच्या ते स्वरच बिघडतात. दूर राहावे तर ऐकू येत नाही, जवळ जावे तर ज्याचे ऐकायचे त्याचाच सूर आपल्या अस्तित्वाने ढळतो. खरखरीचेही तसेच. रुग्णालयातील मोठ्या यंत्रात ती मुख्यतः रुग्णाच्या शरीरातून येते. सूक्ष्मदर्शनात, वेटोळे लहान झाल्यावर, ती वेटोळ्याच्या स्वतःच्या तारेतून येते. मोठ्या कामात गोंगाट समोरच्याचा असतो आणि बारीक कामात ऐकणाऱ्याचा, हे वाचून मी पुस्तक मिटून काही वेळ स्वस्थ बसलो होतो.

यावर काढलेले उपाय पाहण्यासारखे आहेत. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय येथील संशोधकांनी एक मिलिमीटरहूनही लहान वेटोळे फ्लोरिनयुक्त अशा एका द्रवात बुडवून ठेवले. त्या द्रवाचा चुंबकक्षेत्राला होणारा प्रतिसाद जवळजवळ तांब्यासारखाच असतो, आणि त्यात हायड्रोजन नसल्यामुळे तो स्वतः काही बोलत नाही. तांब्याच्या भोवती तांब्यासारखेच वागणारे माध्यम आल्यावर तार चुंबकाच्या दृष्टीने जणू नाहीशी झाली. दुसरा उपाय तारेतच केला जातो. तांबे क्षेत्राला दूर लोटते आणि ॲल्युमिनियम जवळ ओढते. दोन्ही योग्य प्रमाणात एका तारेत घातले तर तिचा एकूण प्रतिसाद शून्यावर येतो. तिसरा उपाय थंडीचा. वेटोळे उणे २५३ अंश सेल्सिअसच्या आसपास नेऊन त्याची खरखर शांत करायची आणि त्याला लागूनच असलेला नमुना मात्र खोलीच्या तपमानावर सुखरूप ठेवायचा. या मधल्या फटीतल्या निर्वात पोकळीसाठी काय कष्ट पडतात, ते करणारेच जाणोत.

आपल्या घरांतला एक प्रसंग इथे आठवतो. आमच्या मुरारच्या घरी एक वृद्ध आत्याबाई होत्या. शिंद्यांच्या अमदानीतल्या आठवणी त्यांच्याकडे पुष्कळ होत्या. भाजी निवडताना त्या सहज बोलून जात. त्या जपून ठेवाव्यात म्हणून मी एकदा टेपरेकॉर्डर आणून त्यांच्यापुढे ठेवला. आत्याबाईंनी पदर सावरला आणि शाळेच्या पुस्तकातली वाटावी अशी मराठी सुरू केली. सरदारांची नावे आली, समारंभ आले. पण वाड्यातल्या विहिरीवरचे भांडण, हिंदी बोलणाऱ्या शेजारणीकडून शिकलेली भाजी, पहिल्या उन्हाळ्यात रडून काढलेल्या रात्री, यांतले एक अक्षर आले नाही. यंत्र जवळ आले आणि क्षेत्र वाकडे झाले. पुढे मी टेपरेकॉर्डर कोनाड्यात, कापडाखाली झाकून ठेवू लागलो. आठवणी मिळाल्या. मात्र आत्याबाईंना मी ते सांगितले नव्हते, आणि त्या गेल्यानंतर ती ध्वनिफीत ऐकताना दर वेळी मला थोडे शरमल्यासारखे होते. तारेला अदृश्य करण्यात आणि माणसाने लपून ऐकण्यात फरक आहे. तार अदृश्य होते ती नमुन्याचे स्वरूप ढळू नये म्हणून. मी अदृश्य झालो तो माझे काम व्हावे म्हणून. दोन्हींत हेतूंची थोडी सरमिसळ असतेच, हेही मान्य केले पाहिजे.

प्रोबकडे परत येऊ. रसायनशाळांतून सर्रास वापरला जातो तो प्रोब पाच मिलिमीटर व्यासाच्या काचनळीसाठी बनवलेला असतो. जे काही तपासायचे ते त्या नळीत मावले पाहिजे. मावत नसेल तर कापा, कुटा, विरघळवा. द्रवांसाठी यात काही वावगे नाही. पण रोपाचे मूळ, कीटक, उंदराचा पाय अशा वस्तूंसाठी नळी हे पहिले वाक्य झाले, तर दुसरे वाक्य सुरीचे असते. जोडा लहान पडतो म्हणून पाय तासण्यासारखेच ते. विशेष प्रोब घडवणारा उलट बाजूने सुरुवात करतो. नमुना केवढा आहे, तो वाकतो का, त्याला पाणी किंवा प्राणवायू लागतो का, तो किती वेळ स्वस्थ राहू शकतो, हे आधी विचारून त्याच्या अंगाबेताने वेटोळे बेततो. असा प्रोब पुष्कळदा त्या एका कामापुरताच उपयोगी पडतो आणि नंतर खणात पडून राहतो. हिशेब तपासनिसाच्या दृष्टीने हा अपव्यय ठरतो. मला मात्र त्यात समोरच्याच्या वेगळेपणाची कदर दिसते.

एवढ्यावर हा लेख थांबवता आला असता, तर लिहिणे सोपे होते. पण जवळ जाण्याची ओढ इथे थांबलेली नाही. मूत्रपिंड, पाठीचा कणा असे अवयव त्वचेपासून खोल असतात. बाहेरून ठेवलेले वेटोळे तिथवर नीट पोहोचत नाही. म्हणून १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून संशोधकांनी प्रयोगातील उंदरांवर शस्त्रक्रिया करून चिमुकले वेटोळे त्या अवयवालगत आतच बसवायला सुरुवात केली. त्वचेतून तार बाहेर काढावी लागत नाही. बाहेरचे दुसरे वेटोळे आतल्याचा आवाज प्रवर्तनाने उचलून घेते. चित्रे पूर्वीपेक्षा कितीतरी स्पष्ट येतात. म्हणजे, न कापता पाहणे हीच जिची प्रतिष्ठा, ती विद्या अधिक स्पष्ट पाहण्यासाठी कापू लागली.

हे चूक आहे असे एका दमात म्हणून टाकणे सोपे आहे. मीही प्रथम तसेच म्हणालो. पण दुसरी बाजू दुबळी नाही. कण्याला झालेली इजा आठवड्या-आठवड्याला कशी बदलते ते पाहायचे तर जुन्या पद्धतीत दर आठवड्याला काही उंदीर मारून त्यांचे कण्याचे छेद घ्यावे लागत. आत वेटोळे बसवलेला एकच उंदीर पुन्हा पुन्हा पाहता येतो. एकाच्या शस्त्रक्रियेने अनेकांचे जीव वाचतात. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च यांनी प्राणिप्रयोगांसाठी तीन कसोट्या सांगितल्या होत्या: शक्य तिथे प्राण्याऐवजी दुसरा मार्ग काढावा, संख्या घटवावी, आणि यातना कमी होतील अशी पद्धत सुधारावी. इथे दुसरी कसोटी उत्तीर्ण होते आणि तिसरी डळमळते. आपल्याकडे १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने अशा प्रयोगांवर देखरेखीसाठी समितीची तरतूद केलेली आहे. पण समितीपुढे प्रश्न येतो तो हा प्रयोग होऊ द्यावा की नाही असा. आणखी चांगले वेटोळे बाहेरून जमले असते का, हे विचारायला तिथे तारेचा जाणकार बसलेला असतोच असे नाही.

कापणे टाळून वाट पाहावी, असे म्हणावे तर तीही निर्दोष ठरत नाही. चौसष्टपट वेळ म्हणजे भुलेखाली घालवलेला चौसष्टपट वेळ. तोही उंदराच्याच अंगावर पडतो. पाहणाऱ्याची सहनशीलता इथे पाहिला जाणारा भरत असतो. संशोधकाचा संयम म्हणून जो आपण वाखाणतो, त्याची पावती कधीकधी दुसऱ्याच्या नावावर फाडलेली असते. आणि मेलेल्या, द्रावणात टिकवलेल्या मेंदूचे चित्र रात्रभर घेत राहिले तर ते सर्वांत रेखीव येते, ही या विद्येची आणखी एक बोचरी गोष्ट. जो हलत नाही, त्याच्या जवळ हवे तितके जाता येते.

तेव्हा प्रश्न केवळ किती जवळ जावे एवढाच राहत नाही. त्या जवळिकीची किंमत कोणी मोजायची, हा तो प्रश्न आहे. ती तीन ठिकाणांहून येऊ शकते: नमुन्याच्या शरीरातून, नमुन्याच्या वेळातून, किंवा प्रोब घडवणाऱ्याच्या बुद्धीतून आणि बोटांतून. द्रवात बुडवलेले वेटोळे, शून्य प्रतिसादाची तार, गोठवलेली खरखर, ही सारी तिसऱ्या ठिकाणाहून भरलेली किंमत आहे. थंड प्रोबने आवाज चौपट स्पष्ट झाला तर तेवढ्याच स्पष्टतेसाठी लागणारा वेळ सोळापटीने घटतो; हे सोळापट कोणाच्या तरी वाट्याची भूल वाचवते. म्हणून प्रोबच्या घडणीला निव्वळ कारागिरी समजून दुय्यम लेखणे मला अन्याय्य वाटते. चित्र पाहून निष्कर्ष काढणाऱ्याचे नाव निबंधावर प्रथम येते. वेटोळे गुंडाळणारा शेवटच्या आभारात, तेही असलाच तर. पण नीतीचा भार उचलला असेल तर तो बहुधा या शेवटच्या माणसाने.

याला उत्तर म्हणून पैशाचे नाव पुढे केले जाते, आणि आपल्या देशात ते खोटेही नाही. हेलियम महाग आहे, थंड प्रोब त्याहून महाग. उंदीर स्वस्त आहे. हा हिशेब कोणी कागदावर मांडत नसले तरी होत असतोच, आणि त्यात स्वस्त तेच खर्ची पडते.

जवळ जाण्याला निसर्गानेच घातलेली एक मर्यादाही आहे. पाण्याचे रेणू स्वस्थ बसत नाहीत. एका मिलिसेकंदात ते सुमारे दोन मायक्रोमीटर भटकतात. माप घेऊन होईपर्यंत ज्याचे माप घेतले ते तिथून निघून गेलेले असते. २००२ साली ठिपक्याची बाजू साडेतीन मायक्रोमीटरच्या आसपास आणण्यात यश आले, तेव्हा ती मर्यादा अगदी हाकेच्या अंतरावर होती. प्रकाशाचा साधा सूक्ष्मदर्शक याहून दसपट बारीक पाहतो. त्यामुळे या विद्येने सर्वांत बारीक पाहण्याची ईर्ष्या धरण्यात अर्थ नाही. जिवंत ठेवून आत पाहणे हेच तिचे क्षेत्र, आणि ते सोडल्यास तिच्याजवळ दुसऱ्यांहून अधिक असे फारसे उरत नाही.

शस्त्रक्रिया करून बसवलेल्या वेटोळ्यांवरचे जे निबंध माझ्या वाचनात आले, त्यांत वेटोळ्याचा व्यास, वेढ्यांची संख्या, भुलेचे प्रमाण, टाक्यांची पद्धत हे सर्व काटेकोरपणे दिलेले असते. बाहेरूनच ऐकू यावे म्हणून त्याआधी किती महिने खटपट केली आणि ती कुठे अडली, हा रकाना मात्र मला त्यांत आढळला नाही.